पेढीचा फोन आणि ग्रंथालयाचे दार

दिवाळी सरते, भाऊबीज होते आणि कार्तिक शुद्ध पंचमी येते. व्यापारी घरांत हा लाभपंचमीचा दिवस. सणासाठी मिटलेली पेढी पुन्हा उघडते आणि नव्या वहीत पहिली नोंद पडते. हीच तिथी जैन परंपरेत ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. जुन्या ज्ञानभांडारांत या दिवशी पोथ्यांची बासने सोडली जात. पावसाळ्यातला दमटपणा जावा म्हणून पोथ्या हवेशीर ठेवल्या जात, धूळ झटकली जाई, कसर लागली आहे का ते पाहिले जाई, आणि मग त्या स्वच्छ वेष्टनात पुन्हा बांधून ठेवल्या जात. पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा साऱ्या साठ्याची मोजदाद होत असे. दुकानाचा हिशेब आणि ज्ञानाचा साठा यांची तिथी एकच असावी, हे पूर्वजांच्या व्यवहारबुद्धीला शोभणारेच आहे.

मात्र जपलेले सारे वाचले जातेच असे नाही. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील दिगंबर मंदिरांच्या भांडारांत शेकडो हस्तलिखिते निगुतीने सांभाळली गेली होती. रायबहादुर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे कारंज्याच्या अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादित केले, तर १९३३ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी त्याच कवीचे ‘णायकुमारचरिउ’ प्रकाशात आणले. दहाव्या शतकात मान्यखेटात काव्यरचना करणारा हा कवी विसाव्या शतकातल्या वाचकांच्या हाती आला. पोथ्या तेथे पूर्वीपासून होत्याच. त्या तेथे आहेत ही वार्ता तेवढी बाहेर पोहोचली नव्हती.

छापील सूचीने तेव्हा जे काम केले, ते आज कोणत्या साधनाने करावयाचे, हा प्रश्न शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांपुढे उभा आहे. दोहोंच्या मधून भीमा वाहते. शिरूर, जुन्या पिढीच्या तोंडी घोडनदी, हे पुणे-नगर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. सोलापूरकडे जाणारी आणि मनमाडकडे वळणारी गाडी येथूनच निघते. दोन्ही गावांत कापड, भुसार, सराफी आणि औषधांच्या पेढ्यांवर जैन कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. त्यांतल्या दानशूरांनी शिक्षणसंस्थांना हात दिला. शिरूरचे महाविद्यालय चांदमल ताराचंद बोरा यांच्या नावाने, तर दौंडचे किसनदास गुलाबचंद कटारिया यांच्या नावाने ओळखले जाते. याखेरीज गावोगावची सार्वजनिक वाचनालये आहेत. दिवंगतांच्या स्मरणार्थ दिलेली कपाटे, टेबले आणि पंखे त्यांतल्या अनेक ठिकाणी आढळतात, आणि कपाटाच्या दारावर रंगवलेले नाव वाचले की देणाऱ्याचे घराणे लगेच ओळखू येते. त्या कपाटातले पुस्तक शेवटचे कधी बाहेर गेले, हे पाहायचे तर मात्र आतली तारखांची चिठ्ठी उघडावी लागते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके असे निकष लावून वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान ठरते. सभासद घटले तर केवळ वाचनकक्षातली खुर्ची रिकामी होत नाही. संस्थेच्या जमेची बाजूही उतरते. महाविद्यालयीन ग्रंथालयाची अडचण निराळी आहे. तेथे विद्यार्थी आपोआप सभासद असतो, पण क्रमिक पुस्तक आणि परीक्षेची अभ्यासिका यांपलीकडे ग्रंथालयात काय मिळते, हे त्याला पदवी हाती पडेपर्यंत अनेकदा कळत नाही. महाविद्यालयांना अल्प शुल्कात हजारो ई-पुस्तके आणि नियतकालिके पुरवणारी ‘एन-लिस्ट’ योजना आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सर्वांनाच मोफत खुले आहे. पण यांची सूचना कित्येकदा फळ्यावर खडूने लिहिली जाते आणि दोन दिवसांनी पुसली जाते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हा त्यांतला तिसरा नियम व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. गिऱ्हाईक येऊन मागेल तेव्हा माल काढून देणे हा झाला एक भाग. पडून राहिलेल्या मालासाठी योग्य गिऱ्हाईक शोधणे हा दुसरा, आणि तोच अधिक कसबाचा. रंगनाथन यांच्याही आधी एका मराठा राजाने हे ओळखले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. एवढ्यावर न थांबता ग्रंथालय खात्याने जादूचा कंदील आणि त्या काळी नवलाचा असलेला सिनेमा यांचे खेळ गावोगाव दाखवले. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ज्या काळात जे माध्यम लोकांच्या डोळ्यांपुढे होते, ते बडोद्याने ग्रंथालयाच्या दाराशी आणून बांधले.

आज ते माध्यम प्रत्येकाच्या खिशात आहे. शिरूरच्या बाजारात सकाळी दुकान उघडते न उघडते तोच नव्या साड्यांची छायाचित्रे, सोन्याचा दर किंवा बियाण्याचा भाव गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडतो. २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे रूप लहान दुकानदारांनी कोणाच्या शिकवणीवाचून आत्मसात केले. गावाच्या ग्रंथालयाला नेमके हेच कसब हवे आहे. ते ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजोबांची नावे ग्रंथालयाच्या कपाटांवर आहेत.

साधन मात्र नीट समजून वापरावे लागते. पुष्कळ ठिकाणी उत्साहाच्या भरात सर्व सभासदांचा एक गट तयार केला जातो. आठवडाभरात तेथे सुप्रभाताची फुले, वाढदिवसाचे केक आणि राजकारणाच्या चकमकी सुरू होतात, आणि ग्रंथालयाची सूचना त्या ढिगाखाली गाडली जाते. शिवाय गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. अनेक महिला सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना ते रुचत नाही. नाव न घेता त्या गटातून बाहेर पडतात आणि हळूहळू ग्रंथालयातूनही. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. तीत २५६ जणांना एकच संदेश स्वतंत्रपणे जातो आणि कोणाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. यात एक मेख आहे, जी दुकानदार अनुभवाने जाणतात: ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला हा संदेश पोहोचतच नाही. म्हणून सभासदत्वाचा अर्ज भरून घेतानाच, समोर उभ्या असलेल्या माणसाकडून ग्रंथालयाचा क्रमांक साठवून घ्यावा. एवढी एक गोष्ट राहिली तर पुढची सारी मेहनत वाया जाते. सभासद मोठ्या संख्येने असतील, तर २०२३ पासून भारतात उपलब्ध झालेले व्हॉट्सॲप चॅनेल हा आणखी एक मार्ग आहे. तेथे अनुसरणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले राहतात, पण उलट प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही. ग्रंथालयाला तर प्रश्नच हवे असतात.

व्यवसायाच्या ॲपमध्ये कॅटलॉगची सोय असते. दुकानदार तीत आपला माल छायाचित्रांसह मांडतो. तेथे सुमारे पाचशे वस्तूंची मर्यादा असल्याने पंधरा हजार ग्रंथ मावणार नाहीत, पण गेल्या तीन महिन्यांत दाखल झालेली पुस्तके सहज मावतील. प्रत्येक सभासदाला लेबल लावता येते: बालवाचक, स्पर्धा परीक्षा, ज्येष्ठ, कथा-कादंबरी, शेती. मग स्पर्धा परीक्षेच्या नव्या संचाची वार्ता आजींना जात नाही आणि ओव्यांच्या पुस्तकाची वार्ता परीक्षार्थीला जात नाही. वेळ संपल्यावर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाईल, अशीही व्यवस्था आहे. तीत उघडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि वर्गणी एवढे लिहून ठेवले की निम्मे प्रश्न तेथेच मिटतात.

संदेश कसा लिहावा, यावर सारे अवलंबून असते. ‘ग्रंथालयात नवीन पुस्तके दाखल झाली आहेत, तरी सभासदांनी लाभ घ्यावा’ या वाक्याने आजवर कोणी घराबाहेर पडले असेल, असे वाटत नाही. त्याऐवजी एकाच वाचकाला लिहिलेले हे पाहावे: ‘आपण मागितलेली माडगूळकरांची बनगरवाडी आज परत आली. उद्या सायंकाळी सहापर्यंत बाजूला ठेवतो.’ कापडाच्या दुकानातला अनुभवी सेल्समन असेच बोलतो. गिऱ्हाइकाला काय आवडते ते त्याच्या लक्षात असते आणि तो नेमक्या वस्तूचे नाव घेतो. रंगनाथन यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. दौंडहून रोज पुण्याला कामाला जाणाऱ्या माणसाला गाडीतूनच पुस्तक राखून ठेवता आले आणि संध्याकाळी उतरल्यावर ते तयार मिळाले, तर या नियमाचे पालन झाले. मात्र त्यासाठी ग्रंथालय गाडीच्या वेळेला उघडे हवे. फोनने वेळापत्रकाची उणीव भरून निघत नाही.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांचे काम वेगळे. व्हॉट्सॲप सभासदाशी बोलते. ही माध्यमे अद्याप सभासद नसलेल्यांना दारापर्यंत आणतात. गूगल नकाशावर ग्रंथालयाची नोंद करून तेथे खरी वेळ, दूरध्वनी आणि वाचनकक्षाचे एक छायाचित्र टाकणे विनामूल्य आहे, आणि गावात नव्याने बदलून आलेले कुटुंब पहिला शोध तेथेच घेते. एक तांत्रिक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डीटीपी करणाऱ्याकडून बनवून आणलेले भित्तिपत्रक केवळ चित्र असते. त्यातला मजकूर शोधात सापडण्याची खात्री नसते आणि दृष्टिहीनांच्या फोनला तो वाचून दाखवणे कठीण जाते. म्हणून तोच मजकूर युनिकोड मराठीत खाली टंकून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि बहुतेकदा तेच राहते.

कार्यक्रमांना तारखांची वाण नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टची रंगनाथन जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबरचा ग्रंथालय सप्ताह. (यूट्यूबवरची पहिली चित्रफीत २००५ मध्ये चढली, तीही २३ एप्रिललाच.) टाळेबंदीत मिटलेली महाराष्ट्रातील ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पासून पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली, तो दिवसही वाचन प्रेरणेचाच होता. या दिवशी काय होते, ते कोणत्याही संस्थेच्या फेसबुक पानावर दिसते: दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, व्यासपीठावर ओळीने उभे असलेले मान्यवर. वक्ता काय बोलला, त्याने कोणत्या पुस्तकांची नावे घेतली आणि त्यांतली किती आपल्या ग्रंथालयात आहेत, याचा पत्ता नसतो. सत्काराची छायाचित्रे सत्कारमूर्तींच्या नातलगांखेरीज कोणी दोनदा पाहत नाही. व्याख्यानाआधी आठवडाभर एक सूचना, आदल्या संध्याकाळी एक आठवण, आणि दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांची नीट ऐकू येईल अशी ध्वनिचित्रफीत व पुस्तकांची यादी, एवढे केले तरी कार्यक्रम सभागृहात संपत नाही. मुंबई-पुण्यात वा परदेशात स्थिरावलेली शिरूरची मुलेही मग आपल्या गावचे व्याख्यान ऐकू शकतात.

स्थानिक इतिहास हा तर न संपणारा साठा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर मांडली आणि लोकांना माहिती पुरवण्यास सांगितले. सामान्य दर्शकांनी त्यांतल्या जागा, माणसे आणि यंत्रे ओळखून दिली व ग्रंथालयाच्या नोंदी सुधारल्या. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती. कोरेगाव भीमाच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली इंग्रजांची तुकडी आदल्या रात्री येथूनच निघाली होती. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. बायबलचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी तेथे केले, तेथे त्यांचा छापखाना होता आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या तारखेला ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिणाऱ्या या विदुषीची कोणती पुस्तके आपल्याकडे कोणत्या कपाटात आहेत, हे एका छायाचित्रासह सांगितले तर तालुक्यातला माणूस थबकून पाहील. जुन्या पेढ्यांच्या घरी लग्नांची, बाजाराची, नदीच्या पुराची, रेल्वे फलाटाची छायाचित्रे ट्रंकांत पडून आहेत. ती घरच्यांच्या संमतीने ग्रंथालयाच्या पानावर आली, तर कोणाचे दुकान कोठे होते हे सांगणाऱ्या आठवणी खाली जमतील. ऐंशीच्या घरातल्या मंडळींना हे विचारायला फार वर्षे हाती नाहीत.

सावधगिरीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण ठाम आहेत. वाचकांना खूश करण्यासाठी चालू पुस्तकांच्या पीडीएफ प्रती वाटणे हा सरळ स्वामित्वहक्काचा भंग आहे. ज्या घरांत दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारणे निषिद्ध मानले जाते, तेथे हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन आज असे खुले आहे. मराठी विश्वकोश आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने शासनानेच महाजालावर ठेवली आहेत. वाटायचे तर हे वाटावे. लहान मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्यावाचून टाकू नयेत. सभासदांचे क्रमांक दुसऱ्या कोणत्याही प्रचारासाठी, मग तो कितीही सत्कार्याचा असो, देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. आणि कोणी कोणते पुस्तक नेले, हे ग्रंथपालाने चारचौघांत कधीही बोलू नये. कोणत्या घरी कोणते औषध जाते, हे भला औषधविक्रेता सांगत नाही, तसेच हे.

ज्यांच्याकडे असा फोन नाही, किंवा असून तो नातवाच्या हाती आहे, त्यांच्यासाठी एसटी स्थानकावरचा फलक, स्थानकातली आणि मंदिरातली सूचना, बाजारच्या दिवशी वाटलेला चिटोरा हे सारे चालूच राहिले पाहिजे. घराबाहेर फारसे न पडणाऱ्या सुनेने फोनवरून पुस्तक मागावे आणि दुकानातल्या मुलाने येताना ते आणून द्यावे, हा मेळ घरच्यांनी मनावर घेतला तर उद्यापासून बसेल.

राहता राहिला प्रश्न माणसाचा. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचारी वर्षानुवर्षे वेतनश्रेणीची मागणी करीत आले आहेत. त्यांच्यावर हे आणखी एक काम लादून बाजूला होणे न्यायाचे नाही. अनेक संस्थांची फेसबुक पाने एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या खात्यावरून उघडलेली असतात. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला की परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो आणि पान जागच्या जागी थिजते. दुकानाचा क्रमांक मुनीमजींच्या नावावर नसतो, पेढीच्या नावावर असतो. ग्रंथालयाचेही तसेच असावे. कपाट देण्याची इच्छा असलेल्या कुटुंबाने एक साधा फोन, संस्थेच्या नावाचे सिमकार्ड आणि वर्षाचा रिचार्ज एवढे दिले तर तो खर्च कपाटाहून कमीच भरेल, फक्त त्यावर नाव रंगवता येणार नाही. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो. ज्या मुलाने किंवा सुनेने घरच्या दुकानाचा कॅटलॉग बसवला, त्यांनी त्या वेळेत आठवड्यातून दोनदा ग्रंथपालांशेजारी बसावे. महिन्याभरात ग्रंथपालांचा हात बसतो. पसंतीचे अंगठे मोजण्यात अर्थ नाही. देवघेवीच्या नोंदवहीत ‘कसे कळले?’ असा एक रकाना वाढवावा, म्हणजे संदेश पाहून किती जण आले याचा हिशेब रोजच्या रोज लागतो.

सुरुवातीला फार काही लागत नाही. येत्या ज्ञानपंचमीला कपाटे उघडून ज्या पुस्तकांवर गेल्या तीन वर्षांत एकही तारीख पडलेली नाही, ती वेगळी काढावीत आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एकाचे छायाचित्र, त्याविषयी दोन ओळींसह, पाठवावे. पहिल्या दिवशी कोणते पुस्तक निवडावे, हे मात्र ग्रंथपालांनाच ठरवू द्यावे. कोणत्या खणात काय पडून आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.